किड्यामुंग्यांची जर्मन

मेलेल्या उंदराला मातीखाली गाडणाऱ्या किड्यांवर अस्खलित जर्मन भाषेत बोलत राहणारा, पण त्याच भाषेत प्यायला पाणी मागता न येणारा माणूस साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. थोरले साडू, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मुलगी बघायला गेलेला माणूस मुलीकडे बघतो, तिच्या बहिणीच्या नवऱ्याकडे बघत नाही. मीही बघितलं नाही. पुढे आयुष्यात मी ज्या असंख्य चुका केल्या त्यांतली ही पहिली, आणि आता त्यांच्या माघारी वाटतं, फायद्याची ठरलेली चूक म्हणाल तर तेवढी एकच.

साडूंचा एक सिद्धांत होता. तो ते लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरच्या दवाखान्यात सांगायचे; एकदा तर स्मशानात लाकडं रचली जात असतानाही सांगितला. "भाषा शिकाची नसते, साडूभाऊ. भाषेतून दुसरं काईतरी शिकाचं. बैल हाकलला का बंडी आपोआप मांगं येते." आता बंडी रिकामी येते की भरलेली, आणि ती कुठल्या वाटेनं येते, याचा विचार त्यांनी केला नव्हता. नार्नूरकडच्या कापूस-ज्वारीवाल्या घरात जन्मले, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि आदिलाबादला आले तेव्हा सगळीकडे तेलुगू. आमच्यासारखे लोक तेलुगू कुठं शिकले? बाजारात, सिनेमात आणि भांडणात. मला आजही तेलुगूत शिव्या आधी येतात, नमस्कार मागून येतो. साडूंनी मात्र मुक्त विद्यापीठात तेलुगू माध्यमातून लोकप्रशासन हा विषय घेतला आणि पदवी मिळवली. त्यानंतर त्यांची तेलुगू सरकारी राजपत्रासारखी झाली ती कायमची. एकदा आम्ही बसनं चाललो होतो, इचोड्याला उतरायचं होतं. 'जरा थांबवा' एवढंच म्हणायचं, पण ते कुठल्याच पाठात आलेलं नव्हतं. साडू उभे राहिले आणि, जनहितार्थ या वाहनाच्या संचारास तात्पुरती स्थगिती देण्यात यावी, अशा अर्थाचं काहीतरी खणखणीत आवाजात म्हणाले. कंडक्टरनं घाईघाईनं शर्टाची बटणं लावली, ड्रायव्हरनं एका ढाब्यापुढे करकचून ब्रेक मारला आणि दोघांनी आम्हाला हात धरून खाली उतरवलं. मीही तपासणी अधिकाऱ्यासारखं तोंड केलं. इचोडा तिथून बरंच लांब आहे हे बस गेल्यावर लक्षात आलं.

इंग्रजी त्यांनी अर्थशास्त्रात एम. ए. करून मिळवली आणि मग एका खाजगी ज्युनिअर कॉलेजात तोच विषय निवृत्तीपर्यंत शिकवला. माझे वडील गेले तेव्हा समाचाराला बँकेचे मॅनेजर आले होते, मद्रासकडचे. त्यांना साडूंनी इंग्रजीत सांगितलं की पुरवठा कायमचा बंद झालेला आहे, मागणी मात्र तशीच आहे. मॅनेजरनं डोळे पुसले. मला फस्सकन हसू आलं, आणि बापाच्या सुतकात हसणारा मुलगा ही माझी ख्याती भाऊबंदांत अजून टिकून आहे. आता विचार करतो तर बापाच्या मरणाबद्दल त्याहून खरं वाक्य मला कुठल्याच भाषेत कुणी सांगितलेलं आठवत नाही.

जर्मन मात्र त्यांनी नोकरीसाठी नाही, नातीसाठी हाती घेतली. त्यांची एकुलती एक पोरगी नर्सिंग शिकून जर्मनीतल्या एका इस्पितळात गेली, तिथल्याच एका सुताराशी तिनं लग्न केलं आणि त्यांना मुलगी झाली. रात्रपाळी करून आलेल्या आईला मराठी शिकवायला सवड कुठली? पोरीला मराठीतला एकच शब्द यायचा, 'आजोबा', आणि तोही ती शिंक आल्यासारखा म्हणायची. फोनवर नात काहीतरी चिवचिवायची, मग लेक सांगायची, बाबा, ती असं म्हणते. साडूंना हे मंजूर नव्हतं. "हे काई नातीचं भेटनं नाई," ते म्हणायचे. "हा नातीचा तर्जुमा हाये. मले तिच्यासंगं सरळ बोलाचं हाये, मधात कोनीच नाई पायजे." त्यांचं एवढंच मागणं होतं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

लेकीनं फोनमध्ये भाषा शिकवणारं एक ॲप टाकून दिलं. त्यात पहिल्या दिवशी 'मी केळं खातो' आणि दुसऱ्या दिवशी 'मुलगी केळं खाते'. साडूंनी ते काढून टाकलं. "केळं खायाले भाषा कायले पायजे? सोलाचं अन् खायाचं." मग त्यांनी लेकीच्या मागे लागून तिथल्या विद्यापीठात बाहेरचा श्रोता म्हणून घरबसल्या तास ऐकायची परवानगी मिळवली. कुठला विषय घ्यायचा यावर माझ्या वहीपेनांच्या दुकानात आठवडाभर खल झाला. कायदा नको, कारण त्यात शेवटी दोघंही खरे ठरतात. तत्त्वज्ञान नको, ते मराठीतही समजत नाही. शेवटी त्यांनी कीटकशास्त्र घेतलं. त्यांचं म्हणणं असं की त्यांचं सगळं बालपण कापसाच्या पऱ्हाटीवरच्या अळ्या वेचण्यात गेलेलं, त्यामुळे विषय घरचाच आहे. आता फक्त त्याला जर्मन टोपी घालायची.

दुपारी जेवणं झाली की तास सुरू व्हायचा. साडू इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बैठकीत बसायचे; टेबलाखाली लुंगी. जर्मनीत तास सुरू झाला की आदिलाबादेत मिक्सर बंद. ताईनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, कुकर लावायचा तरी परवानगी घेऊन. "त्या किड्यायपायी माह्या चटणीचा सत्यानास झाला," ती माझ्या बायकोला सांगायची.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून मीही एकदा त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, आपल्यालाही परदेशी विद्या चिकटली तर चिकटली. प्राध्यापक बाई वयस्कर, आवाज अंगाईसारखा. भिंतीवरचं घड्याळ आणि बाई एका तालात बोलत होत्या. मला जाग आली ती एकदम शांतता झाल्यामुळे. माझी मान मागे, तोंड उघडं, अंगात बनियन, आणि पडद्यावर सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. बाईंनी काळजीनं काहीतरी विचारलं. साडूंनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं आणि अख्खा वर्ग हसून लोटपोट झाला. मी विचारलं, काय सांगितलं? ते गंभीरपणे म्हणाले, "तेवढेच शब्द येत होते ना. म्हटलं, हा नमुना सुप्तावस्थेत हाये. हवामान सुधारलं का बाहेर येते." त्यानंतर मी परदेशी विद्येच्या वाटेला गेलो नाही.

पण ही विद्या नातीवर चालेना. पहिल्यांदा ते तिच्याशी स्वतःहून बोलले तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. त्यांनी घसा साफ केला आणि जे येत होतं ते सांगितलं: कीटकाच्या शरीराचे भाग किती, पाय कुठून फुटतात, पोटाचे वळे कसे असतात. पोरगी आधी हसली, मग बावरली, मग उठून पळाली. तिच्या जागी बाप येऊन बसला आणि बिचारा मान डोलवत मावा किडीवर ऐकत राहिला. "कशी हायेस बेटा, एवढंच म्हनाचं होतं," ताई म्हणाली. साडूंनी वहीतलं पान चाळलं. "ते अजून आलं नाई," ते म्हणाले. "आता कुठं तिसरा पाठ चालू हाये." ते पाठ ओलांडून पुढे जायला तयार नव्हते आणि पाठाबाहेरही जायला तयार नव्हते, आणि सेमिस्टर संपताना बाईंनी तोंडी परीक्षा घ्यावी असा हट्ट त्यांनी धरला. बाहेरच्या श्रोत्याला परीक्षा नसते. पण परीक्षेशिवायचं शिकणं म्हणजे हळदीशिवायचं लग्न, असं त्यांचं मत. त्यांनी इतक्या विनंत्या केल्या की शेवटी बाईंनी होकार दिला.

याच सुमारास त्यांचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग खरखरीत. जर्मन घशातून बोलावी लागते असं कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे आम्हा सगळ्यांचं एकमत झालं की हा उच्चार जमत आल्याचा पुरावा आहे. माझी अक्कल तर दोन पावलं पुढे. दुकानात चार माणसांत मी त्यांना टाळी दिली होती: "आता खरे जर्मन झाले पाहा तुमी!" ते हसले होते. खोकत खोकत हसले होते.

पावसाळा सरता सरता एका दुपारी ते पेढ्याचा पुडा घेऊन दुकानात आले. "पास झालो," म्हणाले; आवाज इतका बसलेला की मला ते अर्धं कानांनी आणि अर्धं ओठांवरून समजलं.

"बाईनं काय इचारलं?"

"गाडणाऱ्या किड्याचं. सारं सांगितलं म्या. सुंदर म्हणे." त्यांनी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "आता हैद्राबादले जा लागते. घशात गाठ हाये. चांगली नाई."

माझ्या तोंडात पेढा होता. "कवा समजलं?"

"झाले दिवस."

"दिवस म्हंजे?"

"सेमिस्टर सुरू होतं, साडूभाऊ."

इथल्या घशाच्या डॉक्टरनं गाठीचा तुकडा तपासून त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की हा स्वरयंत्राचा कर्करोग आहे, पण कोवळा आहे. लगेच किरणांचा शेक दिला तर आवाज वाचेल, मात्र शेक चालू असेपर्यंत बोलता येणार नाही. म्हणजे तोंडी परीक्षा बुडणार. साडूंनी रोगाला परीक्षेनंतरची तारीख दिली. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही, ताईलाही नाही.

हैद्राबादला मी सोबत गेलो. डॉक्टरांनी तेलुगूत सांगितलं की उशीर झालेला आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, गळ्याला भोक ठेवावं लागेल. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या राजपत्री तेलुगूत विचारलं की सदर निर्णयाविरुद्ध अपील करण्याची तरतूद आहे काय? डॉक्टरांनी फाईल बंद केली. मग म्हणाले, नाही.

बाहेर व्हरांड्यात ताई बाकावर बसलेली होती. ती रडली नाही. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी तिला नावानं कधीच बोलावलं नव्हतं. 'आयकलं काय' अशीच हाक असायची, अंगणातून, न्हाणीतून, गच्चीवरून. ती एवढंच म्हणाली, "नातीसाठी आवाज ठेवला तुमी. मले हाक कोन मारन आता?"   साडू तिच्या शेजारी बसले आणि तिच्या पिशवीचा बंद सारखा करत राहिले. परत येताना गाडीत मी धीर करून म्हटलं, "आधी सांगितलं असतं तर आवाज राह्यला असता." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राह्यला असता. नातीसंगं कायच्यात बोललो असतो मंग? मराठीत?"

ऑपरेशनला जायच्या आदल्या दुपारी त्यांनी नातीला फोन लावला. लेक तिकडून निघाली होती, विमानात होती. जावयाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, पोरीसमोर फोन ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. साडू बोलू लागले. वाळलेल्या पानावरून पाय जावा तसा आवाज. त्यांना नीट येत होतं ते परीक्षेचंच येत होतं, ते त्यांनी सांगितलं. मला ती गोष्ट त्यांनी आधी मराठीत सांगितलेली होती म्हणून मी हातवाऱ्यांवरून ओळखत गेलो: एक किडा आणि त्याची बायको मेलेला उंदीर शोधतात, त्याच्याखालची माती उकरत जातात, उंदीर हळूहळू जमिनीत उतरतो. मग त्या अंधारात त्यांची लेकरं जन्मतात, माना वर करून भूक मागतात, आणि आईबाप त्यांना तोंडातून भरवतात. पोरीनं टेबलावर हनुवटी ठेवली होती. पळाली नाही. मधे दोनदा त्यांना खोकला आला तरी ती हलली नाही. गोष्ट संपल्यावर तिनं एक प्रश्न विचारला.  साडू थोडक्यात काहीतरी बोलले, तिनं हात हलवला आणि पडदा काळा झाला.

"काय इचारलं तिनं?" ताई दारातूनच म्हणाली.

"म्हणे, लेकरं मोठे झाल्यावर त्या मायबापायचं काय होते?"

"मंग?"

"म्हटलं, ते पाठात नोतं."

ते उठून आत गेले, बॅग भरायला. पाठात होतं. मला त्यांनीच सांगितलं होतं.

ऑपरेशननंतर ते घरी आले ते गळ्याला पांढरं कापड बांधून. बोलायचं असलं की फोनवर लिहून दाखवायचे, आणि जर्मन तास काही त्यांनी पुन्हा लावले नाहीत. पण नातीला त्या किड्यांनी धरलं होतं. ती रोज बापाच्या फोनमध्ये बोलून पाठवू लागली, रोज काहीतरी: शाळा, बूट, मांजर, कोण कोणाशी कट्टी. साडू कानाला लावून एकेक निरोप पुन्हा पुन्हा ऐकायचे. पहिले काही महिने त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, कारण मांजराला पाय चारच आणि कट्टीला तर एकही नाही. मग हळूहळू कळू लागलं. एक दिवस दुकानात येऊन त्यांनी मला फोन दाखवला. लिहिलं होतं, 'तिचा दात पडला. वरचा.' एवढंच सांगायला ते उन्हात चालत आले होते.

पुढच्या पावसाळ्यात रोग छातीत उतरला. या वेळी अपिलाचं कुणी बोललं नाही. लेक, जावई आणि नात महिनाभर राहायला आले. पोरगी दिसली तेव्हा साडूंनी दोन्ही हात पसरले, आणि ती त्यांच्या गळ्यावरच्या कापडाकडे बघत दारातच थांबली. पहिले दोनतीन दिवस ती लांबूनच बघायची.

मग एका दुपारी लेक आणि जावई डॉक्टरकडे रिपोर्ट आणायला गेले होते. पोरगी पहिल्यांदाच बैठकीतल्या दिवाणावर, पंख्याखाली झोपली होती. जागी झाली आणि रडायला लागली. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. ताई पाणी घेऊन आली, माझी बायको लाडू घेऊन, शेजारीण स्वतःच्या पोरीची बाहुली घेऊन. "भूक लागली असन." "मायची याद येऊन राह्यली." "पोटात दुखते काय वं बाई?" शेवटी सगळ्या माझ्याकडे वळल्या, कारण जर्मन विद्यापीठात, झोपून का होईना, बसलेला त्या खोलीत मीच होतो. मी पोरीकडे तज्ज्ञाच्या नजरेनं पाहिलं. कपाळावर घाम होता. "उकडून राह्यलं तिले," मी जाहीर केलं आणि पंखा पाचवर केला. पंखा जुना, पाचवर गेला की दांडीसकट डुलतो आणि खटखट वाजतो. पोरीनं किंकाळी फोडली आणि ती दिवाणाखाली शिरली.

आतल्या खोलीतून साडू आले. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. उंबऱ्यात थांबले, मान किंचित कलती करून त्यांनी दिवाणाखालचं ते वाक्य ऐकलं. दोनदा ऐकलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मी बाजूला झालो, आणि त्यांनी बटण दाबून पंखा बंद केला.

पाती सावकाश थांबली. छताला लटकलेलं एवढं जड लोखंड असं थेट डोक्यावर गरगर फिरताना तिनं कधी बघितलेलंच नव्हतं. ते पडणार, एवढंच ती सांगत होती. साडू गुडघ्यांवर हात टेकत खाली फरशीवर बसले. बऱ्याच वेळानं पोरगी बाहेर आली, वर बघून खात्री केली आणि त्यांच्या मांडीला टेकून बसली. त्यांनी पेपरची घडी केली आणि तिला वारा घालू लागले. मग ती बोलायला लागली. छताकडे बोट दाखवत, डोळे पुसत, मधेच हसत, लांबलचक. साडू मान हलवत होते. एकदा भुवया उंचावल्या, एकदा नकारार्थी बोट हलवलं, आणि ती पुन्हा नेटानं सांगू लागली.

"काय सांगून राह्यली हो?" ताईनं मला हळूच विचारलं.

मी साडूंकडे बोट दाखवलं. ताईनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा फोन आतल्या खोलीत राहिला होता, आणि तो आणायला उठायचं त्यांच्या मनात नव्हतं. आम्ही सगळे तसेच भिंतींना टेकून घामानं निथळत उभे राहिलो. ती बोलत होती, ते ऐकत होते, आणि लेक घरी येईपर्यंत पंखा लावायची कुणाची छाती झाली नाही.